चढ ठरला की बाकी सगळं ठरतं

मुंबईहून पुण्याकडे निघालेल्या गाड्या कर्जतला थांबतात. प्रवाशांच्या लेखी हा वडापावचा थांबा. गाडीच्या लेखी तो जास्तीची इंजिनं जोडून घ्यायचा थांबा. ही इंजिनं मागच्या बाजूला लागतात, घाटभर गाडीला ढकलतात आणि वर पोचल्यावर सुटी होतात. रेल्वेवाले त्यांना बँकर म्हणतात. गेल्या दीडशे वर्षांत पुढचं इंजिन वाफेचं होतं ते विजेचं झालं, डबे लाकडी होते ते पोलादी झाले, हाताने पाडायचे सिग्नल रंगीत दिव्यांचे झाले. मागून ढकलायची गरज मात्र संपली नाही, कारण बोरघाटाचा चढ १८६३ साली होता तेवढाच आजही आहे : सदतीसाला एक.

रस्ते आणि रेल्वेचं जाळं म्हटलं की डोळ्यांपुढे डांबर, खडी, रूळ आणि उद्घाटनाच्या फिती येतात. यातलं बहुतेक सगळं बदलता येतं. रूळ झिजले की नवे टाकतात, खडी चाळून पुन्हा भरतात, डांबराचा थर तर दर पावसाळ्यानंतर मागणी करतोच. बदलत नाही ती आखणी, म्हणजे मार्ग कुठून जाणार, किती चढणार, किती वळणार हा कागदावरचा निर्णय. तो एकदा दगडात कोरला गेला की पुढच्या पाच पिढ्या त्याचं भाडं भरत राहतात. देशाचं जाळं नकाशावर किलोमीटरमध्ये मोजतात, पण त्यातून किती माल आणि किती माणसं जातील हे अशाच चार-दोन अवघड जागा ठरवतात. सह्याद्री आणि कोकण ही त्यासाठी चांगली शाळा आहे.

सदतीसाला एक म्हणजे सदतीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. हा चढ सायकलवाल्यालाही फारसा जड नाही, मग हजारो अश्वशक्तीच्या इंजिनाला त्याचा त्रास का व्हावा? उत्तर रेल्वेच्या सगळ्यात मोठ्या गुणातच आहे. पोलादी चाक पोलादी रुळावर अतिशय सहज घरंगळतं. सपाटीवर एक टन वजन हळू वेगाने ओढायला साधारण दोन-तीन किलो जोर पुरतो. डांबरी रस्त्यावर रबरी टायरला त्याच्या तिप्पट-चौपट लागतो. आता चढ आणा. सदतीसाला एक या चढावर प्रत्येक टनामागे गुरुत्वाकर्षणाचा सत्तावीस किलोचा ओढा मागे खेचू लागतो. हा आकडा ट्रकलाही तोच आणि रेल्वेलाही तोच. पण ट्रक आधीपासून आठ-दहा किलो खर्च करत होता, त्याचं काम चौपटीच्या आसपास वाढलं. रेल्वे दोन-तीन किलोंवर मजेत होती, तिचं काम एकदम दहापट झालं. सपाटीवरची तिची काटकसर चढावर तिच्याच अंगाशी येते.

दुसरी अडचण पकडीची. इंजिनात ताकद कितीही घाला, ती रुळाला लागायची चाकाच्या टेकणीतून. पोलादावर पोलादाची पकड कोरड्या हवेत वजनाच्या पंचवीस ते तीस टक्क्यांपर्यंत, आणि रूळ ओले झाले की त्याहून कमी. सव्वाशे टनांचं इंजिन म्हणजे फार तर तीस-पस्तीस टनांचा ओढ. बावीस-चोवीस डब्यांची भरलेली गाडी हजार-बाराशे टनांची असते. तिला या चढावर नुसतं वर सरकवायला पस्तीस-छत्तीस टन हवेत, आणि इंजिनाचं स्वतःचं वजनही वर न्यायचंय ते वेगळंच. हिशेब थोडक्यात चुकतो, आणि घाटात थोडक्यात चुकणं म्हणजे चाकं जागच्या जागी फिरणं. ही जास्तीची इंजिनं पुढे न लावता मागे लावण्यालाही कारण आहे. सगळा ओढ पुढूनच आला तर पहिल्या डब्यांच्या कपलिंगवर सगळा ताण येतो. आणि कपलिंग तुटलंच, तर मागचे डबे दरीकडे निघू नयेत म्हणून खाली कुणीतरी उभं असलेलं बरं.

मग असा चढ निवडलाच का? ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांच्यापुढे १८५० च्या दशकात एक साधा गुणाकार होता. कर्जतच्या बाजूच्या पायथ्यापासून खंडाळ्याच्या माथ्यापर्यंत उंची सुमारे ५५८ मीटर. चढ सदतीसाला एक धरला तर किमान वीस-एकवीस किलोमीटर मार्ग हवा. मधले थोडे सौम्य टप्पे धरून तो प्रत्यक्षात पंचवीस किलोमीटरच्या आसपास झाला. चढ दीडशेला एक असा सौम्य धरायचा म्हटला, तर तीच उंची गाठायला चौऱ्याऐंशी किलोमीटर लागले असते. कड्याच्या तोंडावर एवढी लांबी आणायची कुठून? डोंगराला वेढे घालत, प्रत्येक वेढ्यात नवे बोगदे आणि नवे पूल बांधत. तेवढा पैसा आणि तेवढा वेळ कुणाकडे नव्हता. कंपनीच्या भागधारकांना सरकारने पाच टक्के परताव्याची हमी दिली होती हे खरं, पण हमी असली तरी गाडी लवकर धावायला हवी होती, मागे देशावरचा कापूस थांबला होता.

म्हणून उभा चढ पत्करला. तरीही पंचवीस बोगदे आणि आठ मोठे पूल लागलेच. एका ठिकाणी वळण घ्यायलाच जागा मिळाली नाही, तेव्हा गाडीला एका सपाट टोकावर नेऊन तिथून उलट्या दिशेने पुढची चढण चढवायची युक्ती केली. ते रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ पर्यंत चाललं. मग विजेची इंजिनं आली, नवे बोगदे खोदले गेले आणि ते बंद झालं. कामावर एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर होते. पटकी, ताप आणि सुरुंग यांत हजारो माणसं गेली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर काही आठवड्यांतच वारला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट पुढे चालवलं. तिचं नाव निदान नोंदीत तरी राहिलं. ज्यांनी कड्याला दोरावर लोंबकळून सुरुंगाची भोकं पाडली त्यांचं तेवढंही नाही.

१८६५ साली कसारा-इगतपुरीचा थळघाट सुरू झाला, तिथेही सदतीसाला एकच. मग १८७० मध्ये जबलपूरला मुंबई-कलकत्ता मार्ग जोडला गेला आणि १८७१ मध्ये रायचूरला मद्रासकडचा. उपखंडाच्या जाळ्याची दोन मोठी टोकं या दोन घाटांतून मुंबई बंदराला येऊन मिळाली. तेव्हापासून पलीकडे कितीही रूळ वाढवा, देशावरून मुंबईत उतरणारी गाडी या दोन गळ्यांतूनच उतरते.

चढण्यापेक्षा उतरणं अधिक जोखमीचं. हजार टनांची गाडी उतारावर सुटली तर तिला थांबवणारं काही उरत नाही. म्हणून घाटात कॅच सायडिंग असतात : मुख्य मार्गाला फुटणारा, वर चढत जाऊन संपणारा एक फाटा. त्याचे सांधे नेहमी त्या फाट्याकडेच लावलेले असतात. उतरणाऱ्या गाडीने अलीकडे पूर्ण थांबायचं आणि आपला ब्रेक आपल्या ताब्यात आहे हे दाखवायचं. मगच सांधा बदलून तिला मुख्य मार्ग मिळतो. जी थांबू शकत नाही ती आपोआप फाट्यावर चढून वेग गमावते. सर्वात मोठी शंका गृहीत धरून बांधलेली ही व्यवस्था मला फार आवडते. शिवाय उतरणाऱ्या विजेच्या इंजिनाची मोटार उलटी वापरली की ती जनित्र होते, गाडीला रोखते आणि वीज तारेत परत टाकते. शेजारून चढणारी गाडी ती घेऊ शकते.

२०२३ मध्ये वंदे भारत गाडी बँकरशिवाय घाट चढू लागली, तेव्हा अनेकांना वाटलं की इंजिन जास्त ताकदीचं आलं. खरं तर तिला वेगळं इंजिनच नाही. निम्म्या डब्यांखाली मोटारी आहेत, म्हणजे गाडीचं निम्मं वजन पकडीच्या कामी येतं. चढाला वजनाच्या तीन टक्के ओढ हवा आणि पकड मिळते बारा टक्क्यांच्या घरात. चढ तसाच राहिला, ओढायची जागा बदलली. मालगाडीला मात्र हा उपाय परवडत नाही, प्रत्येक वाघिणीखाली मोटार कोण बसवणार?

रस्त्याचं गणित वेगळं. टायरची पकड दुपटी-तिपटीने जास्त, आणि ट्रक गिअर उतरवून गोगलगाईच्या वेगाने का होईना चढतो. म्हणून आपल्याकडच्या मानकांत डोंगराळ भागातल्या रस्त्याला वीसास एक चढ सर्रास चालतो. बोरघाटात चाकाच्या गाडीचा रस्ता १८३० सालीच झाला, रेल्वेच्या तेहतीस वर्षं आधी, तो याच सवलतीमुळे. पण रस्त्यालाही चढाची किंमत मोजावी लागते, फक्त ती रांगेच्या रूपात येते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आडोशीपासून खंडाळ्यापर्यंत काय होतं पाहा. द्रुतगती मार्गाच्या सहा मार्गिका आणि जुन्या महामार्गाच्या चार, अशा दहा मार्गिकांची वाहनं घाटात सहा मार्गिकांवर येतात. त्यात भरलेला कंटेनर चढावर ताशी पंधरा-वीसने चाललेला, त्याला ओलांडायला दुसरा कंटेनर मधल्या मार्गिकेत आलेला. सपाटीवरच्या ऐंशी किलोमीटरवर कितीही रुंदी वाढवा, शनिवारी सकाळची रांग इथेच ठरते. खोपोली ते कुसगाव हा जो नवा जोडमार्ग आखला, त्याचा उद्देश हाच गळा टाळण्याचा. एकोणीस किलोमीटरच्या जागी तेरा, आणि त्यात जवळजवळ नऊ किलोमीटरचा बोगदा, लोणावळ्याच्या तलावाखालून जाणारा. द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पुरा झाला तेव्हा हा तुकडा सोडून दिला होता. महाग होता म्हणून सोडला, आणि नंतर अधिक महाग पडला.

याच्या बरोबर उलटा निर्णय कोकण रेल्वेने घेतला.

रोह्यापर्यंत रूळ १९८० च्या दशकात पोचले होते. पुढे मंगळूरपर्यंतच्या मार्गासाठी अ. ब. वालावलकरांपासून नाथ पै, मधु दंडवत्यांपर्यंत अनेकांनी पाठपुरावा केला. १९९० मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना स्वतंत्र महामंडळ झालं आणि ई. श्रीधरन त्याचे प्रमुख. अर्थसंकल्पातून दरसाल थेंबथेंब पैसे घेत बसलं असतं तर काम तीस वर्षं चाललं असतं, म्हणून भागभांडवलात रेल्वेने ५१ टक्के आणि महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, केरळ यांनी उरलेला वाटा घेतला, बाकीचा पैसा बहुतांश रोखे विकून उभारला. रोख्याला व्याज असतं आणि व्याजाला घड्याळ असतं. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर गाडी धावू लागली.

पहिल्याच टप्प्यात ठरलं : चढ दीडशेला एकहून जास्त नाही आणि वळणाची त्रिज्या सव्वा किलोमीटरहून कमी नाही. बोरघाटाच्या चौपट सौम्य. हे ऐकायला चांगलं वाटतं, पण कोकणाच्या भूगोलात त्याचा अर्थ काय होतो? सह्याद्रीपासून समुद्राकडे डोंगराच्या सोंडा उतरत येतात आणि दोन सोंडांमध्ये प्रत्येकी एक नदी किंवा खाडी असते. उत्तर-दक्षिण जाणारा मार्ग या सगळ्यांना आडवा कापतो. जुना मुंबई-गोवा महामार्ग सोंडेवर चढतो, नदीवर उतरतो, पुन्हा चढतो. कशेडी, परशुराम असे घाट त्यातूनच आले. दीडशेला एक पाळणाऱ्या रेल्वेला ना सोंडेवर चढता येतं, ना नदीपर्यंत उतरता येतं. तिला मधल्या उंचीवरूनच जावं लागतं : सोंड आली की आरपार बोगदा, दरी आली की उंच पूल. ७४१ किलोमीटरमध्ये नव्वदहून अधिक बोगदे आणि दोन हजारांच्या आसपास लहानमोठे पूल आले ते या एका अटीतून. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल, दोन्ही त्याचीच अपत्यं. पानवलला एवढ्या उंचीवर खालून आधार देऊन काँक्रीट ओतणं परवडणारं नव्हतं. म्हणून पुलाचा माथा काठावरच तुकड्यातुकड्याने ओतला आणि जॅकने ढकलत खांबांवरून पुढे सरकवला.

बोगद्याचा क्रम सांगायला सोपा आहे. कातळात ठरावीक नक्षीत भोकं पाडायची, सुरुंग भरायचे, उडवायचे, धूर ओसरू द्यायचा, दगड बाहेर काढायचा, छताला आधार द्यायचा आणि दोन-चार मीटर पुढे जाऊन पुन्हा तेच. काळा कातळ असेल तर हे घड्याळासारखं चालतं. खरी परीक्षा मऊ जमिनीत. कोकण-गोव्यात वर जांभा आणि खाली ओली चिकण माती असा थर वारंवार येतो. सुरुंगाची गरजच नाही, माती आपणच आत येते. मीटरभर पुढे गेलं की वरचं छत खाली बसतं आणि पाणी सुटतं. गोव्यातला पेडण्याचा बोगदा जेमतेम दीड किलोमीटरचा, पण सगळ्यात शेवटी तोच उरकला. २०२४ च्या जुलैमध्ये त्याच बोगद्यात पाणी उसळलं आणि गाड्या थांबल्या. जमीन आपला स्वभाव पंचवीस वर्षांत सोडत नाही.

या सगळ्याच्या आधी जागा ताब्यात यावी लागते, आणि कोकणात हे काम बोगद्याइतकंच खोल आहे. सातबारावर एका गुंठ्याला वीस-वीस नावं. त्यातले निम्मे चाकरमानी, दोघे वारलेले, वारसनोंद झालेली नाही, एक भाऊ सही द्यायला तयार पण दुसऱ्याशी बोलत नाही. कलमी आंब्याची आणि फणसाची किंमत कुणी ठरवायची, विहीर कुठल्या पोटहिश्श्यात. कोकण रेल्वेने चाळीस हजारांहून अधिक खातेदारांशी व्यवहार केला आणि तो तुलनेने झटपट, कारण अधिकारी गावात जाऊन बसले. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण का रखडलं याची अनेक उत्तरं दिली जातात. कंत्राटदारांवर राग काढणं सोपं आहे आणि पुष्कळदा रास्तही. पण सलग जागा हातात नसताना कामाचे आदेश दिले की यंत्रं तुकड्यातुकड्यात उभी राहतात, हे त्यातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात खरं कारण.

मग पाणी. डोंगर उतारावर घातलेला भराव म्हणजे पाण्यापुढे घातलेला बांधच. पूर्वी जे पाणी शंभर ठिकाणांहून उतरत होतं ते आता मोऱ्यांतून जाणार. मोरी लहान पडली तर पाणी तुंबतं आणि भराव पोखरतं. भराव थराथराने दाबत चढवावा लागतो आणि त्याला एक-दोन पावसाळे बसू द्यावे लागतात. घाईत हे गाळलं की पहिल्या जोरदार जुलैत रूळ हवेत लोंबकळतात. खोदाईच्या बाजूला उलटी भीती : उभ्या कापलेल्या भिंतीतून दगड सुटतो. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ अशाच दरडीवर गाडी आदळली आणि पन्नासच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर उतार सौम्य केले गेले, जाळ्या ठोकल्या, गस्त वाढली. म्हणून पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं. गाडी उशिरा पोचते असं आपण म्हणतो, पण तो उशीर मुद्दाम आखलेला असतो. २०१६ च्या ऑगस्टमध्ये महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात गेला, एसटीच्या दोन गाड्या घेऊन. रस्ता असो की रेल्वे, पूल तपासायचा तो वरच्या वजनापेक्षा खालच्या पाण्यासाठी.

मालवाहतुकीची आजची दिशाही चढानेच ठरली आहे. जवाहरलाल नेहरू बंदरापासून दादरीपर्यंतचा सुमारे पंधराशे किलोमीटरचा पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग दोनशेला एक या चढावर आखला आहे, कंटेनरवर कंटेनर ठेवून न्यायला. तो सह्याद्री ओलांडायच्या फंदात न पडता वसईवरून गुजरातच्या सपाटीवर जातो. नाशिकच्या किंवा सोलापूरच्या मालाला मात्र अजूनही घाटच.

कोकण रेल्वेने चढाचा प्रश्न सोडवला आणि दुसरा मागे ठेवला : बहुतांश मार्ग एकेरी. एकेरी मार्गाची क्षमता त्याच्या सगळ्यात लांब टप्प्यावर ठरते, सरासरीवर नाही. समजा दोन स्टेशनांमधलं अंतर कापायला गाडीला वीस मिनिटं लागतात, आणि मार्ग मोकळा घेऊन सांधे बदलायला पाच. दिवसाची १४४० मिनिटं भागिले पंचवीस, म्हणजे सत्तावन्न गाड्या. प्रत्यक्षात दुरुस्ती आणि उशीर वजा जाता सत्तर टक्के धरायचे, म्हणजे चाळीस, दोन्ही दिशा मिळून. आता त्याच टप्प्याच्या मध्यावर एक क्रॉसिंग स्टेशन टाका, म्हणजे समोरासमोरच्या गाड्या जिथे एकमेकींना ओलांडू शकतील अशी जागा. दहा अधिक पाच, पंधरा मिनिटं, गाड्या सदुसष्ट. पण हे स्टेशन सगळ्यात लांब टप्प्यातच पडायला हवं. आमदारांच्या गावाला पडलं तर गावाची सोय होते, गणपतीच्या जादा गाड्या मात्र होत्या तिथेच ताटकळतात.

पुरा मार्ग दुहेरी करायला हवा हे सर्वांना मान्य आहे. रोहा ते वीर हा सत्तेचाळीस किलोमीटरचा तुकडा २०२१ मध्ये दुहेरी झाला, कारण तिथे जमीन तुलनेने सपाट आहे. वीरच्या पुढे बोगदे एकाच मार्गाच्या रुंदीचे. धावत्या गाड्यांच्या डोक्यावर सुरुंग लावून ते रुंद करता येत नाहीत, म्हणून दुसरा मार्ग म्हणजे शेजारी दुसरा बोगदा, दुसरा पानवल, दुसरं पेडणं. आणि दुसऱ्या मार्गालाही चढ दीडशेला एकच ठेवावा लागणार, नाहीतर मालगाडी ज्या बाजूने जड जाईल त्या बाजूला पुन्हा मागे इंजिन जोडायची वेळ येईल. तोवर लांब टप्पे शोधून त्यांच्या मध्ये क्रॉसिंग स्टेशनं टाकणं, हाच त्यातला स्वस्त उपाय आहे.